बाटलीतला दवणा

माझं नाक आता निम्मंच चालतं. मधल्या त्या साथीत वास गेला, तो पुरता परत आलाच नाही. कांदा करपला तर मला धूर दिसतो तेव्हा कळतं. आमच्या डॉक्टरांना मी म्हटलं, आयुष्यभर वासावर काम केलेल्या बाईचा वासच जावा, हे काही बरं झालं नाही. तर ते म्हणाले, "म्हणजे आता निवृत्ती पूर्ण झाली म्हणायची." सदाशिव पेठेतले डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून याहून जास्त सहानुभूतीची अपेक्षा ठेवू नये. मी औषधाची चिठ्ठी घेऊन तीन मजले चढून घरी आले आणि दार उघडल्यावर खुर्चीत बसले ती बराच वेळ उठले नाही. हल्ली असं होतं. काही केलेलं नसतं आणि तरी दमायला होतं.

वहिनीबद्दल लिहायला बसायचं आणि कंटाळून उठायचं, असं वर्षभर चाललं आहे. वहिनीबद्दल लिहायचं तर आईबद्दल लिहावं लागतं, आणि आईबद्दल लिहायचं तर ती बरोबर होती की चूक हे आधी ठरवावं लागेल, असं मला उगाच वाटत होतं. आता न्यायनिवाडा करायची ताकद नाही. जसं झालं तसं लिहिते.

घर हेच होतं, ज्यात मी अजून राहते. खाली तेव्हा पिठाची गिरणी होती, तिच्या पट्ट्याचा खडखड आवाज सकाळी सुरू व्हायचा तो दुपारच्या जेवणालाच थांबायचा, आणि थांबला की कानाला काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. समोरच्या इमारतीत गणिताचा क्लास होता. तिथले मास्तर एकच प्रमेय इतक्यांदा आणि इतक्या मोठ्यांदा सांगायचे की आईलासुद्धा ते पाठ झालं होतं, आणि भाजी चिरता चिरता ती मास्तरांच्या आधी उत्तर सांगायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, बँकेतून निवृत्त झालेले. ते गॅलरीत पेपर घेऊन बसत आणि दिवसातून मोजकी वाक्यं बोलत, पण एकेक वाक्य असं की समोरच्याने ते घरी नेऊन विचार करावा. पूर्वी रेडिओही असायचा. दादा गेल्यापासून तो बंद होता. बंद करा असं कोणी म्हणालं नव्हतं. एक दिवस लावला नाही, मग दुसऱ्या दिवशी लावायचं कसं हे कोणाला सुचलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ, काविळीने गेला. दुखणं अंगावर काढलं, डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा उशीर झालेला होता. मागे राहिली त्याची बायको रेखा, माझी वहिनी, माझ्याहून थोडीशीच मोठी. मूलबाळ नव्हतं. तिच्या माहेरी भाऊ-भावजय होते. त्यांचं बोलावणं आलं, पण ते चार दिवस राहायला ये असं आलं, कायमची ये असं नाही, आणि चार दिवसांनी ती पिशवी घेऊन परत आमच्याच दारात उभी राहिली. आईने दार उघडलं आणि एवढंच म्हणाली, "हातपाय धू, पिठलं टाकते." आईचं प्रेम असंच असायचं, ते ताटातच वाढलेलं मिळायचं. वहिनीला फुलांचा फार सोस होता. दादा ऑफिसातून येताना मंडईतून मोगऱ्याचा गजरा आणायचा, मध्ये मध्ये दवणा-मरव्याच्या काड्या गुंफलेला, आणि घरभर वास सुटायचा. दादा गेल्यावर तिला कोणी फुलं माळू नकोस म्हणालं नाही. आमच्या घरात असलं उघड बोलायची पद्धत नव्हती. तिचं तिनेच बंद केलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. उघड बोललेल्या गोष्टीला निदान उत्तर देता येतं.

मी तेव्हा नुकती एम.एस्सी. होऊन टेकडीच्या पायथ्याच्या एका प्रयोगशाळेत लागले होते. काम टिश्यू कल्चरचं, सुगंधी वनस्पतींचं. दवण्याच्या शेंड्याचा तांदळाएवढा तुकडा कापायचा, तो जंतुनाशकात धुवायचा, आणि जॅमच्या रिकाम्या बाटलीत घट्ट केलेल्या खाद्यावर रोवायचा. खाद्य म्हणजे साखर, क्षार, थोडी संप्रेरकं आणि हे सगळं थिजवायला अगर, म्हणजे आपला चायनाग्रासच. मी घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे झाडांना खरवस खायला घालता!" त्या खरवसावर एका शेंड्याचे अनेक शेंडे होतात, ते सुटे करून नव्या बाटल्यांत लावायचे, परत त्यांचे अनेक. ट्यूबलाइटखाली फळ्यांवर बाटल्याच बाटल्या. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दवणा बियांनी येतो ना?"

"येतो की."

"बी महाग असतं?"

"नाही. पण अण्णा, बियांची रोपं सगळी सारखी निघत नाहीत. आम्ही सगळ्यात जास्त तेल असलेलं एक रोप निवडून त्याचीच—"

"बरं," अण्णा म्हणाले आणि पेपर वर केला. तो प्रकल्प शेवटी याच प्रश्नावर बंद पडला, पण त्याला पुढे बरीच वर्षं लागली आणि पुष्कळ मोठ्या लोकांच्या बैठका झाल्या.

त्या कामाचा शीण कसा असतो हे सांगणं अवघड आहे. दिवसभर काचेच्या कपाटापुढे ताठ बसायचं, हात स्पिरिटने पुसायचे, चिमटा ज्योतीवर धरायचा, बोलायचं नाही, शिंकायचं नाही. आम्ही त्या खोलीला सोवळ्याची खोली म्हणायचो. एवढं करूनही दोन दिवसांनी बाटलीत बुरशीचा पांढरा कापूस दिसायचा. बुरशी आलेल्या बाटलीला आमच्याकडे 'गेली' म्हणत. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न, आज किती गेल्या? एकदा रात्रीच्या जेवणाला मी कंटाळून म्हटलं, "आज तर फळीच्या फळी गेली." आई आमटी वाढत होती. तिने पळी तशीच भांड्यात ठेवली आणि उठून आत गेली. अण्णा म्हणाले, "विद्या, घरात दुसरा शब्द वापरत जा." तेव्हापासून घरात बाटल्या नासायला लागल्या.

वहिनीला तिथे न्यायची कल्पना माझीच. बाटल्या धुवायला आणि खाद्य भरायला एक मदतनीस हवी होती. घरात ती दिवसभर काय करायची, तर आईने एकदा पुसलेला ओटा परत पुसायची. मी सरांशी बोलले, सर म्हणजे आमचे प्रमुख, भला माणूस, फक्त घाईचा. आईशी बोलायचं काम अण्णांनी केलं. काय बोलले ते मला कळलं नाही, पण आईने दुसऱ्या दिवशी वहिनीला सांगितलं, "सरळ जायचं, सरळ यायचं. विद्याबरोबर जायचं, विद्याबरोबर यायचं. कोणी काही बोलायला नको." वहिनी हो म्हणाली. मग माझ्या मोपेडवर मागे बसून ती रोज यायला लागली. थोड्याच दिवसांत ती सोवळ्याच्या खोलीतही बसू लागली आणि तिथल्या गार हवेने तिला जी सर्दी धरली ती काही सुटेना. पण ती कामाला कंटाळली नाही. मी कंटाळले होते, ती नव्हती. मला तेव्हा याचं नवल वाटायचं आणि थोडा रागही यायचा. मला ते काम रोजचं होतं. तिच्यासाठी ते घराबाहेरचं एकुलतं एक ठिकाण होतं, हे ध्यानात यायला मला वेळ लागला.

आता खरी अडचण. बाटलीतल्या दवण्याला वास नव्हता. हिरवीगार, नाजूक, नक्षीदार पानं, पण चुरगाळून नाकाशी धरली तर ओल्या गवताचा वास यायचा. पानांवर तेलाच्या बारीक पुटकुळ्या असतात, त्या या रोपांवर रित्याच राहत होत्या. वासाचा दवणा वाढवायचा म्हणून प्रकल्प घेतला आणि वासच नाही, असा सगळा मामला. सर म्हणत, मातीत जाऊ देत, ऊन लागू दे, मग बघू. बाटलीतून काढून रोप मातीत लावायचं, वर प्लॅस्टिकची टोपी घालायची, ती रोज थोडी थोडी उघडायची, मग सावलीत, मग उन्हात. याला आमच्यात हार्डनिंग म्हणतात. वहिनी त्याला सासरी पाठवणं म्हणायची. "आज या ट्रेची पाठवणी," असं म्हणून ती टोपी काढायची, आणि बघता बघता सगळी प्रयोगशाळा तोच शब्द वापरायला लागली, सरसुद्धा.

यातून लोक लगेच बोध काढतात. खुद्द सरांनी पुढे कित्येक भाषणांत काढला, की बघा, सुखात वाढलेल्या रोपाला सुगंध नसतो, उन्हातान्हातून गेलं की तो येतो. टाळ्या पडायच्या. मला तो बोध कधीच आवडला नाही. रोपाची टोपी आम्ही रोज बोटभर उघडत होतो. वहिनीला कोणी असं बेताबेताने उन्हात नेलं नव्हतं. आणि उन्हात ठेवलेली पुष्कळ रोपं वाळूनच गेली, त्यांच्याबद्दल भाषणात कोणी बोलत नाही.

तो पितृपक्ष होता आणि दुसऱ्या दिवशी दादाची तिथी होती. उन्हातल्या वाफ्यातली रोपं हातभर झाली होती, ती दाट व्हावीत म्हणून शेंडे खुडायला सरांनी वहिनीला सांगितलं. दुपारभर ती खुडत बसली आणि खुडता खुडता कपाळावर येणाऱ्या बटा त्याच हातांनी मागे सारत राहिली. सर्दीमुळे तिला कसलाच वास येत नव्हता. मी तेल तपासायच्या यंत्राच्या खोलीत रसायनांच्या उग्र वासात बसले होते. संध्याकाळी ती माझ्या मागे बसली, आणि मागे बसलेल्या माणसाचा वास पुढच्याला येत नाही. आम्ही घरी आलो.

आई स्वयंपाकघरात विळीवर भोपळा चिरत होती. श्राद्धाच्या वड्यांची भाजणी परातीत काढलेली, आमसुलं भिजत घातलेली, खिरीचे गहू फडक्याखाली. चेहरा ओढलेला होता तिचा. ते दोन-तीन दिवस ती फार कमी बोलायची. वहिनी पाणी प्यायला माठाकडे गेली, आईच्या जवळून, आणि आईने विळीवरचा हात थांबवला.

"केसांत काय आहे?"

"काही नाही, आई."

"दवण्याचा वास येतोय."

"नाही हो, मी काही..."

"मला दवणा ओळखता येत नाही का? दवणा माळून आलीस?" आई उठून उभी राहिली. "उद्या त्याची तिथी आहे, रेखा. उद्या! आणि मला एक सांग, या दिवसांत दवणा मिळतो कुठे? परवाच मंडईत जाऊन आले मी, औषधालासुद्धा काडी नाही. फुलवाल्या माशा मारत बसल्यात. कोणीतरी मुद्दाम कुठून तरी आणून दिल्याशिवाय दवणा येतो कुठून?"

मी दारातच होते. आई काय विचारते आहे ते मला कळलं होतं, आणि वहिनीलाही कळायला हवं होतं. दुसरी कोणी असती तर रडली असती, शपथा घेतल्या असत्या. वहिनीचा चेहरा आधी उतरला आणि मग एकदम तिचे डोळे मोठे झाले.

"मंडईत नाहीये? आई, नक्की नाहीये?"

"काय विचारतेस तू?"

"तुम्हाला खरंच येतोय वास? दवण्याचाच?" तिने दोन्ही हात आईच्या नाकापुढे धरले. "या बोटांना बघा ना. मला सर्दी आहे हो, मला काही म्हणजे काही कळत नाही. विद्या, इकडे ये. बघ तू!"

आईने तिचा हात झटकला. तो मी धरला आणि नाकाशी नेला. गोडसर, थोडा उग्र, पिकलेल्या फळासारखा, शंकाच नको असा दवणा. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो आमच्या स्वयंपाकघरात भाजणीच्या परातीशेजारी उभा होता. "वहिनी, आला गं!" मी ओरडले. "आपल्या रोपांना वास आला!" आणि ती हसायला लागली. सर्दीने बंद नाक, भरलेले डोळे, आणि ती हसत होती, मोठ्यांदा, दादा असताना हसायची तशी. मीही हसत होते. अण्णा गॅलरीतून धावत आले.

आई आमच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "उद्यापासून ही घराबाहेर पडणार नाही. तुझं काय ते तू बघ." आणि परत विळीवर बसून भोपळा चिरायला लागली. अण्णांनी वहिनीच्या हाताचा वास घेतला, आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "दवणाच आहे. घरचा," आणि परत जाऊन बसले. आईने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं दादाला आवडायचं तसं. वहिनीने आदल्या दिवशीच केस धुतले होते. जेवताना पानांवरून कोणी मान वर केली नाही आणि समोरचे मास्तर त्यांचं प्रमेय सांगत राहिले. मी कामावर जायला लागले, एकटी. मोपेड हलकी झाली होती आणि ती हलकी मोपेड चालवायचा मला कंटाळा यायचा. सरांना मी घरी अडचण आहे एवढं सांगितलं. सर म्हणाले, "घटस्थापनेपर्यंत थांबतो. मग मात्र दुसरी मुलगी घ्यावी लागेल मला." त्यांचंही बरोबर होतं. काम कोणासाठी थांबत नाही. पण वहिनी यानंतर घरात बसली तर कायमची बसेल, हे मला दिसत होतं. ती पुन्हा पुसलेला ओटा पुसायला लागली होती.

खुडलेला पाला मी वाफेवर उकळून त्याचं तेल काढलं, जेमतेम काही थेंब. ते यंत्रात सोडलं. हे यंत्र तेलातले घटक एकेक करून वेगळे करतं आणि जसजसा एकेक बाहेर पडतो तसतशी त्याची लेखणी लांब कागदावर उंचवटे काढत जाते. दवण्याच्या वासाचा जो मुख्य घटक, त्याचं नावच दवण्यावरून ठेवलेलं आहे, डॅवॅनोन. त्याचा उंचवटा कागदावर ठरलेल्या जागी येतो. मी स्टूलावर बसून लेखणीकडे बघत होते. ती जागा आली आणि लेखणी उठली. फार उंच नाही गेली, शेतातल्या दवण्याच्या निम्मीही नाही. पण उठली. सरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "आहे." मला वाटलं होतं मला खूप आनंद होईल. आनंद स्वयंपाकघरातच होऊन गेला होता.

तो कागद मी घरी नेला. माझा भाबडेपणा असा, की आईला पुरावा दाखवला म्हणजे झालं. ती तांदूळ निवडत होती. मी कागद तिच्यासमोर पसरला.

"हे डोंगर कसले?" ती म्हणाली.

"हा मोठा डोंगर म्हणजे दवण्याचा वास. बाजारातून आणलेल्या तेलाचा. आणि हा खालचा आपल्या रोपांचा. जागा तीच आहे बघ, फक्त बुटका आहे."

"वास आहे हे मला तुझ्या कागदाच्या आधी कळलं होतं."

"मग आता तरी कळलं ना, की वहिनीला कोणी आणून दिला नव्हता?"

"ते मला त्याच दिवशी कळलं, तुम्ही हसायला लागलात तेव्हा. चोरी करणारं माणूस असं हसत नाही." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "मला ते हसणंच सोसलं नाही, विद्या. तो गेल्यावर ती पहिल्यांदा हसली, आणि नेमकी त्याच्या तिथीच्या आदल्या संध्याकाळी हसली. ती हसायला लागली म्हणजे आता जाईल. आज ना उद्या जाईल. मग त्याची आठवण काढणारी या घरात मी एकटीच. तुझे अण्णा बोलत नाहीत. तू बाटल्यांत. मी कोणाशी बोलू त्याच्याबद्दल?"

वहिनी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार, आमच्या घरात भिंती होत्या पण त्या नावालाच. ती दारात आली, हातात अण्णांचा सदरा.

"माझ्याशी बोला की, आई. तुम्ही बोलतच नाही. दोन वर्षं झाली, या घरात त्यांचं नाव कोणी घेत नाही. तिकडे बाटल्या भरताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी बोलते, कारण इथे बोलायची चोरी आहे."

ताटातले तांदूळ आईने परत पसरले आणि पहिल्यापासून निवडायला लागली. थोड्या वेळाने वहिनी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तीही निवडू लागली. मी कागदाची गुंडाळी केली आणि बाहेर अण्णांपाशी जाऊन उभी राहिले. आतून आईचा आवाज आला, "त्याला मऊ भात कधी आवडला नाही. लहानपणापासून मोकळा हवा." आणि वहिनी म्हणाली, "माझ्याकडून पहिल्यांदा गिच्च झाला होता, तर म्हणाले, खळ म्हणून वापर." अण्णांचा पेपर हलत होता. ते वाचत नव्हते.

घटस्थापनेच्या सकाळी वहिनी साडी नेसून, पर्स घेऊन बाहेरच्या खोलीत आली. कोणाला काही विचारलं नाही. आई देवापाशी होती, तिने तिथूनच बघितलं आणि म्हणाली, "केस घट्ट बांधून जा. मोकळ्या केसांना वास धरतो." वहिनीने आरशासमोर उभं राहून अंबाडा घातला. एवढंच झालं. एवढं होण्यासाठी आम्ही सगळे किती दमलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यावर एका नर्सरीवाल्याने स्वतःची बाटल्यांची खोली काढली, आणि ती सांभाळायला वहिनीला बोलावलं. राहायची खोली तिथेच. ती पुढे त्या नर्सरीची सगळी जबाबदारी घेणार होती, तिथल्याच हिशेबनिसाशी लग्न करणार होती, आणि तिच्या मुलीचं नाव ठेवायला आई स्वतः जाणार होती, पण हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा फक्त खाली रिक्षा उभी होती आणि दारात एक ट्रंक आणि दोन पिशव्या होत्या. वहिनी अण्णांच्या पाया पडली, मग आईच्या. आईने तिच्या हातावर दही घातलं.

"येते, आई," वहिनी म्हणाली.

"येऊ नकोस," आई म्हणाली.

आम्ही सगळे होतो तिथेच थांबलो. ज्या बाईने जन्मभर आम्हाला 'जाते' म्हणू दिलं नाही, 'येते म्हणावं' म्हणून दारातून परत बोलावलं, ती हे म्हणत होती. वहिनीच्या हातावरचं दही तसंच होतं.

"सणावाराला ये. दुखलंखुपलं तर ये. तो आठवला तर ये, मी आहे. पण राहायला म्हणून येऊ नकोस, रेखा. कोणी काही म्हणो. मी म्हटलं तरी येऊ नकोस." आईने तिचा दह्याचा हात धरून तिच्या तोंडाकडे वळवला. "आता खा ते दही. रिक्षावाला खोळंबलाय."

वहिनीला मी विश्रांतवाडीला सोडून आले. खोली झाडली, ट्रंक लावली, स्टोव्ह पेटतो का ते पाहिलं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी आईचं ते बोलणं मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला तिचा इतका अभिमान वाटत होता, आणि त्याच्या तळाशी एक हेवा होता, तो कशाचा हे मला त्या दिवशी उमगलं नाही. तीन मजले चढून मी बेल वाजवली. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

"आलीस?" ती म्हणाली. "बरं झालं बाई. तू आहेस."